खातं ‘ओव्हरड्रॉ’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

आपल्या सेलूच्या बॅचमधल्या एका ताईंनी मला बँकेचं पत्र दाखवलं. त्यात लिहिलं होतं, ‘युवर अकाउंट इज ओव्हरड्रॉन’. ताई घाबरलेल्या. म्हणे, "सर, खातं बंद पडलं का?" बंद नव्हतं पडलं. पण हा शब्द कळायलाच पाहिजे, म्हणून आजचा विषय हाच.

‘ड्रॉ’ म्हणजे ओढणं, काढणं. बँकेच्या भाषेत खात्यातून पैसे उचलणं. आपल्या मराठवाड्यात ‘उचल’ हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. ऊसतोडीला जाणारा मुकादमाकडून उचल घेतो, दुकानातला पोरगा सणाला मालकाकडून घेतो. तर ओव्हरड्रॉ म्हणजे जास्तीची उचल. जेवढं आपलं आहे, किंवा जेवढं काढायचं ठरलंय, त्याच्यापेक्षा जास्त काढणं. रूपं तीन: ओव्हरड्रॉ, ओव्हरड्रू, ओव्हरड्रॉन. ‘आय ओव्हरड्रू माय अकाउंट’ म्हणजे मी खात्यातून जास्त काढले. ‘द अकाउंट इज ओव्हरड्रॉन’ म्हणजे खातं मायनसमध्ये आहे.

आणि ओव्हरड्राफ्ट? ती सोय. ओव्हरड्रॉ ही क्रिया. बँकेच्या मराठी कागदांत त्या सोयीला ‘अधिकर्ष’ म्हणतात, पण काउंटरवर सगळे ओडीच म्हणतात. ही सोय जुनी आहे. १७२८ मध्ये एडिंबरातल्या विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्याला रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने त्याच्या खात्यातल्या रकमेपेक्षा १,००० पौंड जास्त काढू दिले होते. अडचण आपलीच: देणं आज, येणं नंतर.

आता माझी चूक सांगतो. दुकान नवीन होतं. खात्यात ४३,५०० रुपये होते आणि जालन्याच्या होलसेलवाल्याला मी ४०,००० चा चेक दिला. गाडीचा हप्ता ६,२०० रुपये, तो विसरलो. हप्ता आधी कटला, शिल्लक ३७,३०० राहिली आणि चेक परत गेला. मी सगळ्यांना सांगत फिरलो की माझं अकाउंट ओव्हरड्रॉ झालं. चूक! माझ्याकडे ओडी लिमिटच नव्हती, म्हणून बँकेने जास्तीचा पैसा दिलाच नाही. चेक बाउन्स झाला, खातं प्लसमध्येच राहिलं. बँकेचा दंड भरला, त्याचं काही नाही. पण त्या शेठने पुढचा अख्खा सीझन मला उधारी दिली नाही. ऐन लग्नसराईत रोख देऊन माल आणला, तोही निम्मा.

एक लक्षात ठेवा. खात्यात पैसे कमी असोत की चेकची रक्कम ठरलेल्या लिमिटच्या वर जाणारी असो, चेक परत गेला तर दोन्ही ठिकाणी परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ लागू शकतं. समोरच्याने नोटीस पाठवली की ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर केस होऊ शकते, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

लिमिट असेल तर हिशोब वेगळा. समजा २,००,००० ची ओडी आहे, व्याज १२ टक्के. तुम्ही ५०,००० उचलले आणि १० दिवसांनी भरले. व्याज लागेल साधारण १६४ रुपये. वापरलं तेवढ्यावर आणि तेवढ्याच दिवसांचं. बायकोचे दागिने गहाण ठेवण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत आहे. जनधन खात्यावरसुद्धा पात्र माणसाला १०,००० रुपयांपर्यंत ओडी मिळू शकते, हे फार जणांना माहीतच नसतं.

पण खरी मेख पुढे आहे. कॅश क्रेडिट घेतलं की बँक स्टॉक स्टेटमेंट मागते. समजा दुकानात ३ लाखांचा माल आहे, त्यातले १ लाख अजून व्यापाऱ्याला द्यायचे आहेत. राहिले २ लाख. बँकेने २५ टक्के मार्जिन धरलं तर तुमची ड्रॉइंग पॉवर दीड लाख. सँक्शन लेटरवर लिमिट २ लाख असली तरी! तुम्ही पावणेदोन लाख उचलले असतील, तर तुमच्या मते २५,००० शिल्लक आहेत, आणि बँकेच्या मते तुम्ही २५,००० ने ओव्हरड्रॉन आहात. ताईंचं नेमकं हेच झालं होतं. दिवाळीत माल विकला गेला, गल्ल्यातला पैसा घरच्या बांधकामात गेला, स्टॉक उतरला आणि ड्रॉइंग पॉवरही उतरली. त्यांनी नवीन एक रुपया काढला नव्हता, तरी पत्र आलं.

असं सलग ९० दिवस वर राहिलं की खातं ‘आउट ऑफ ऑर्डर’ धरून एनपीएमध्ये टाकतात. ताईंचे ३४ दिवस झाले होते.

पासबुकात ‘डीआर’ दिसलं तर तेवढं तुमच्याकडून बँकेला येणं आहे. ताईंच्या पासबुकात ते अक्षर सहा महिन्यांपासून होतं, ओडी-सीसी खात्यात ते असतंच. बघायचं होतं ते त्यापुढचा आकडा ड्रॉइंग पॉवरच्या आत आहे का. आम्ही त्याच दिवशी उधारीची वही काढली. तीन गिऱ्हाइकांकडे मिळून ३१,००० निघाले. दोघांनी त्याच आठवड्यात दिले, तिसरा कापूस विकल्यावर देतो म्हणाला.