हलकाफुलका म्हणून सोडू नका

१. ऑस्करच्या याद्या पाहून सिनेमे निवडले, तर स्टॅन्ले डोनन यांचा ‘शरेड’ (१९६३) राहून जातो. त्याला नामांकन एकच, तेही गाण्यासाठी. संगीत हेन्री मॅन्सिनी यांचं, शब्द जॉनी मर्सर यांचे. बक्षीस दुसऱ्याच गाण्याला गेलं.

२. बक्षीस कोणी दिलं, हे जास्त बोलकं असतं. अमेरिकेतल्या रहस्यकथा लेखकांच्या संघटनेने पीटर स्टोन यांच्या या पटकथेला एडगर पुरस्कार दिला. वाचकाला चकवण्यातच ज्यांची हयात जाते, त्यांची ही दाद! कथेतला चोरलेला ऐवज कुठे आहे ते मी सांगणार नाही. पण नायिकेच्या मृत पतीच्या बॅगेतल्या वस्तू पोलीस अधिकारी टेबलावर मांडतो, तेव्हा नीट बघा. स्टोन यांनी काहीही लपवलेलं नाही.

३. हसू आणि भीती आळीपाळीने आणायची नसते, एकाच प्रसंगात आणायची असते. पटकथा लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी यातला अंत्यविधीचा प्रसंग दाखवतो. पॅरिसमधलं जवळजवळ रिकामं दालन, मधोमध शवपेटी. तीन अनोळखी माणसं एकामागून एक येतात. एक जण प्रेताच्या नाकाशी आरसा धरतो, दुसरा चक्क टाचणी टोचतो. आपण हसतो, आणि त्याच क्षणी कळतं की ही माणसं आता या विधवेला सोडणार नाहीत. फारसे संवाद न खर्चता तिन्ही खलनायकांची ओळख झालेली असते. माझ्या मते अख्ख्या सिनेमातली ही सर्वांत अवघड जागा आहे.

४. अडचण आली की पटकथा सुधारते. नायक कॅरी ग्रँट साठीला टेकलेले, नायिका ऑड्री हेपबर्न तिशीतली. तिच्यामागे लागणं त्यांना प्रशस्त वाटेना. मग पाठलाग तिच्याकडे दिला गेला, आणि प्रेमकथेला वेगळीच धार आली.

५. त्यामुळे सगळा भार हेपबर्नवर आला. ती घाबरते, नायकाचं खोटं पकडते, तरी त्याच माणसावर भाळते, आणि हे तिन्ही एका वाक्यात खरं वाटतं. सर्वोत्तम ब्रिटिश अभिनेत्रीचा बाफ्टा तिला मिळाला, तो अगदी रास्त.

६. प्रत पारखून घ्या. श्रेयनामावलीत ‘कॉपीराइट’ हा शब्द किंवा त्याची खूण राहून गेल्याने अमेरिकेत हा सिनेमा प्रदर्शित होताच स्वामित्वहक्काबाहेर गेला. कोणीही प्रती काढल्या, आणि त्यांतल्या कितीतरी धुरकट आहेत. चार्ल्स लँग यांनी टिपलेलं पॅरिस त्यांत दिसतच नाही. दुरुस्त केलेली प्रत मिळेपर्यंत थांबा.