बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ बाळंतिणींच्या बाबतीत घडते व दोन आठवड्यांत आपोआप निवळते. त्यानंतरही उदासी टिकली, बाळ झोपले असतानाही झोप येईना, त्याच्याविषयी ओढ वाटेनाशी झाली, तर ते नैराश्य असू शकते. तो आळस नव्हे. बाहेरची बाधा तर नव्हेच.

गोव्यातील मातांच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी आणि पतीशी बेबनाव यांबरोबरच मुलगा हवा असता मुलगी होणे, हेही त्याच्याशी निगडित होते. म्हणजे औषध केवळ बाळंतिणीलाच पुरणारे नाही.

रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेकडे आशा कार्यकर्ती ४२ व्या दिवसापर्यंत सहा वेळा जाते. बाळाचे वजन होते, तापमान पाहिले जाते. त्याच वेळी घरची मंडळी बाजूला असताना आईचीही विचारपूस व्हावी. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. सासरी परतलेल्या मातेची माहिती तेथील आशा कार्यकर्तीला कळविण्याचे काम पंचायत सदस्यांना सहज करता येईल.

भ्रम होणे, असंबद्ध बोलणे, स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येणे, अशा वेळी मातेला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. उपचारांसाठी दाखल केल्यास बाळ तुटेल, ही भीती कुटुंबाला असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार तीन वर्षांखालील मुलास दाखल मातेपासून सर्वसाधारणपणे वेगळे करता येत नाही.