अनित्यता आणि अप्पमाद : जुन्या वास्तूंच्या पालकत्वाचा विचार

जे निर्माण झाले ते क्षय पावते, हा तथागतांच्या शिकवणुकीचा पाठ आपण बालवयातच गिरवतो. त्याच शिकवणुकीत अप्पमादाला, म्हणजे अखंड जागरूकतेला, तितकेच महत्त्वाचे स्थान आहे. धम्मपदाचा दुसरा वर्ग याच नावाचा आहे. म्हणून अनित्यतेचा आधार घेऊन निष्काळजीपणाचे समर्थन करता येत नाही. शहरांच्या मध्यवस्तीतील मोडकळीस आलेल्या जुन्या इमारतींचा विचार आम्ही येथे याच दृष्टीने करीत आहोत.

इमारतीच्या क्षयाची सुरुवात क्षुल्लक असते. छतातून पाणी झिरपते, तुळई ओलावते, भिंतीच्या भेगेत पिंपळाचे रोप रुजते. वेळीच लक्ष दिले तर हे काम एका दिवसाचे असते. वीस पावसाळे दुर्लक्ष केले तर भिंतच उतरवावी लागते. मग हे दुर्लक्ष का होते?

याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईचे आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने तेथील भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. गरीब भाडेकरूला त्यामुळे आसरा मिळाला. परंतु दुरुस्तीच्या खर्चापुढे भाड्याची रक्कम नगण्य ठरली. मालकांनी हात आखडला आणि भाडेकरू मालकाकडे बोट दाखवत राहिले. १९६९मध्ये कायदा करून शासनाने उपकर वसूल करून दुरुस्ती करणारे मंडळ स्थापिले. त्याच्या कक्षेत १९,०००हून अधिक इमारती आल्या. तरीही पडझड थांबली नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा मृत्यू झाला. ज्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलत्चित्र भारतात प्रथम दाखवले गेले, ती आजची एस्प्लनेड मॅन्शन ही लोखंडी सांगाड्याची वास्तू जर्जर झाल्याने २०१९मध्ये रिकामी करावी लागली.

अशा वास्तूंशी आपलाही इतिहास निगडित आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी परळच्या बी.आय.टी. चाळीत सुमारे दोन दशके वास्तव्य केले. १८९६च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने बांधलेल्या या चाळींच्या भिंतींनी कष्टकऱ्यांच्या पिढ्या पाहिल्या. अशी वास्तू ढासळली की विटांबरोबर स्मृतीही ढासळते.

मुंबईतील ते दुरुस्ती मंडळ बीडसाठी नाही. आपल्या मराठवाड्यात भाड्याच्या घरांना १९५४चा हैदराबाद कायदा लागू होता. ३१ मार्च २०००पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने त्याची जागा घेतली. या कायद्याच्या कलम १४ नुसार, भाडेकरूने वेगळा करार केलेला नसल्यास, जागा राहण्यायोग्य ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. मालकाने हयगय केल्यास भाडेकरूंनी, एकट्याने किंवा एकत्रितपणे, किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र एका वर्षात ही वजावट वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. मालकालाही दरवर्षी चार टक्के भाडेवाढीचा अधिकार आहे. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. शिक्षणासाठी वा पोटापाण्यासाठी शहरात खोली घेणाऱ्या आपल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने ती पावती मागून घ्यावी व जपून ठेवावी. इमारत पाडण्याची वेळ आली, तर वास्तव्याचा पुरावा म्हणून तीच कामी येते.

परंतु कायदा पुरेसा नाही. वाड्याचे वारस अनेक असतात, कोणी पुण्याला, कोणी परदेशी. मालकी सर्वांची आणि डागडुजी कोणाचीच नाही, अशी अवस्था होते. सार्वजनिक वास्तूंचेही तेच. बीडच्या जुन्या शहराच्या वेशींकडे पाहिले की ही गोष्ट सहज ध्यानी येते.

या प्रश्नाचे उत्तर विनयपिटकात सापडते. विहार संघाचा, म्हणजे सर्वांचा असे. तरीही त्याच्या बांधकामाची व दुरुस्तीची देखरेख संघ एका भिक्खूवर सोपवीत असे. त्याला नवकम्मिक म्हणत. सामुदायिक मालमत्तेची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीकडे असली पाहिजे, हे तत्त्व संघाने फार पूर्वी ओळखले होते.

आज गावोगावी आपले विहार आहेत, समाजमंदिरे आहेत, वसतिगृहे आहेत. त्यांच्या बाबतीत आपणच मालक आहोत. आम्ही सर्व माजी विद्यार्थी, पालक व उपासक-उपासिकांना विनंती करतो की, प्रत्येक वास्तूसाठी एक नवकम्मिक नेमावा, दरवर्षी मृगापूर्वी तिचे छत, भिंती आणि पन्हळी तपासाव्यात, आणि झालेल्या कामाची नोंद वहीत ठेवावी. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाविरुद्ध न्याय मागताना आपले छप्पर आधी शाकारलेले असावे.