बालकांचा खुबा आणि नोंदवहीचे मोल

बँकेच्या नोकरीत आम्ही एक गोष्ट शिकलो. खातेवहीत नोंद नसेल, तर कष्टाचा पैसाही कोणाचा हे सांगता येत नाही. आजारी बालकाचेही तसेच आहे.

काही बाळांच्या मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत नीट बसलेला नसतो. मुली, पायाळू बाळे आणि घरात पूर्वी कोणास हा दोष असलेली बाळे यांत तो अधिक आढळतो. पाय सरळ ताणून बाळास घट्ट गुंडाळल्याने धोका वाढतो; उलट पाय फाकवून कडेवर घेण्याची आपली पद्धत खुब्यास हितकारक आहे. पहिल्या सहा महिन्यांत दोष कळला, तर बहुधा पट्ट्यांच्या साधनाने सांधा जागेवर बसतो. मूल लंगडत चालू लागल्यावर कळला, तर सहसा शस्त्रक्रिया करावी लागते.

म्हणून रुग्णांची नोंदवही हवी. तीत मुलाचे वय, उपचार, पुढील तपासणीची तारीख व अनेक वर्षांनंतरचा परिणाम लिहिला जातो. अनेक रुग्णालयांच्या नोंदी एकत्र आल्या म्हणजे कोणता उपचार टिकला आणि कोणता फसला, हे दिसते. मेंदूच्या पक्षाघातानेही मुलांचा खुबा हळूहळू निखळतो. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून अशा मुलांची नोंद ठेवून ठराविक काळाने क्ष-किरण तपासणी होऊ लागली. पूर्वी शंभरांत सुमारे नऊ मुलांचा खुबा निखळत असे. ते प्रमाण एकाहूनही खाली आले. वेळेवर तपासणी आणि वेळेवर उपचार होता.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यास हा विचार परका नाही. जामखेड येथे १९७० च्या दशकापासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावच्या, बहुतांशी निरक्षर, स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांत दलित भगिनीही होत्या. घरोघर जाऊन बालकांवर लक्ष ठेवण्याचे काम त्यांनी समर्थपणे केले. पुढे २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात खुब्याच्या दोषाचा समावेश आहे.

परंतु मजुरीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचे मूल पुढच्या तपासणीस आले नाही, तर नोंद अपुरी राहते आणि पायही. तेव्हा सभासदांनी व विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील नवजात बाळाची तपासणी झाली का, हे आशाताईंना विचारावे, तपासणीचे कागद जपून ठेवावयास सांगावे आणि पुढील तारखेची आठवण द्यावी. एवढ्याने एखादे मूल सरळ चालेल.