रायफलच्या नळीचं तोंड बिघडलं, आता काय?

प्रश्न : आंबेगाव तालुक्यातील एका वाचकाकडे परवान्याची ३१५ बोअर रायफल आहे. गंज काढताना कारागिराने नळीच्या तोंडावर कानस चालवली. तेव्हापासून नेम चुकतो. बिबट्याची भीती असल्याने दुरुस्तीची घाई आहे. तोंड पुन्हा घासून घ्यावे का?

उत्तर : मुळीच नाही.

तोंडाची कड सगळीकडून सारखी हवी. ती तिरकी झाली, की गोळी सुटताना मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी कलते. हाताच्या कानसीने हा दोष वाढतो. काम लेथवर, नळीचा मध्य साधूनच होते.

त्याआधी रायफल रिकामी करून बोल्ट काढावा आणि मागून उजेडाकडे पाहावे. आत काळसर कडे दिसले तर नळी फुगलेली असू शकते. अशा नळीतून एकही गोळी झाडू नये.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो, तर कलम ६ नुसार नळी आखूड करायलाही. त्यामुळे कारागिराचा परवाना पाहावा, पावतीवर रायफलचा क्रमांक लिहून घ्यावा. नळीच बदलायची झाल्यास आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे.

बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो दिसल्यास जुन्नर वनविभागाला कळवावे.