भिंतीला ताण हवा

अगं, जळगावात बदली झाली, जवळ सिनेगॉग नाही, म्हणून यंदा सुक्कोथ सणाचा मांडव, म्हणजे सुक्का, नाही म्हणालीस. हे काही मला पटलं नाही हं. सुक्कोथच्या ७ दिवसांसाठी गच्चीचा एक कोपरा पुरतो.

आधी कठडा मोज. भिंत किमान १० मुठी उंच लागते. मूठ कुणी ८ सेंटिमीटरची धरतं, कुणी साडेनऊच्या वर. म्हणून उंचीला मोठं माप धर, मीटरभर. कठडा तेवढा भरला, की कोपऱ्यातल्या दोन भिंती आयत्या मिळाल्या. तिसरी उभी केलीस की झालं. चौथी बाजू उघडी राहिली तरी चालते. मात्र वर मोकळं आभाळ हवं, स्लॅब किंवा झाडाची फांदी नको.

भिंत कशाची हवी, याला बंधन नाही. तलमूदमध्ये तर बांधून ठेवलेला हत्तीही भिंत म्हणून चालवून घेतलाय! तू आपल्या तुराट्या आण. जळगाव-धुळ्याकडच्या शेतकऱ्यांकडे गेल्या हंगामातल्या रचून ठेवलेल्या मिळतील. सुतळीने घट्ट आवळ. मधल्या फटींची काळजी नको, ३ मुठींपेक्षा कमी फट बंदच धरतात. इथे मात्र लहान माप धर, म्हणजे २४ सेंटिमीटरच्या आत. खाली जमिनीशीही तेवढंच.

चादरी, ताडपत्री लावायचा मोह होईल. त्या वाऱ्याने फडफडल्या तर ती भिंत धरत नाहीत. नेहमीचा वारा सोसेल तीच भिंत. लावायच्याच असतील तर आधी जमिनीपासून दर २० सेंटिमीटरवर दोरी ताणून बांध, अशा पाच दोऱ्या. सगळाच आडोसा कापडाचा असेल तर दोऱ्या चारही बाजूंनी फिरव. मग चादर नुसती आडोशाला.

भिंती झाल्या की मगच छत. तिथे ताडपत्री अजिबात नको, जमिनीतून उगवलेलं आणि कापलेलंच हवं. केळी हाताशी असली तरी पानं उन्हात आक्रसतात, सावली कमी पडते. बांबू आणि तुराट्याच बऱ्या. परतीचा पाऊस आला तर वरून ताडपत्री ओढ, पण जेवायला बसण्याआधी आठवणीने काढ. पाऊस थांबेनाच, तर घरात जेवलीस तरी दोष नाही.

काही अडलं तर पुण्याला रास्ता पेठेतल्या सुक्काथ शेलोमो सिनेगॉगमध्ये विचारून घे, अंदाजाने करू नकोस. आणि बाई, खर्चाचं कारण मला सांगू नकोस. या भिंतीला पैसा नाही, ताण लागतो. उद्याच टेप घेऊन गच्चीवर जा.