औषधविक्रीची नोकरी : प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी

विज्ञान अथवा औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्या ग्रामीण व निमशहरी भागांतील तरुणांना जे व्यवसाय तुलनेने लवकर खुले होतात, त्यांत वैद्यकीय प्रतिनिधीचा, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘एम. आर.’चा व्यवसाय प्रमुख होय. जुन्या, नावाजलेल्या कंपन्यांबरोबरच स्टार्टअप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नव्या व लहान औषध कंपन्यांकडूनही अलीकडे अशा नेमणुकांचे प्रस्ताव येत असतात. पदाचे नाव भारदस्त असते, मासिक रकमेचा आकडा आकर्षक असतो आणि होकार दोन दिवसांत कळवावयाचा असतो. अशा वेळी उमेदवार व त्याचे पालक गावातील शिक्षकांकडे, पंचायत सदस्यांकडे किंवा परिचित अधिकाऱ्यांकडे सल्ल्यासाठी येतात. हा सल्ला देताना प्रस्ताव कोणत्या कसोट्यांवर पारखावा, याचा विचार येथे केला आहे.

या सर्व कसोट्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : माल खपला नाही, तर त्याची झळ कोणाला बसणार? नव्या उद्योगात जोखीम ही असावयाचीच. भांडवल घालणाऱ्याने ती पत्करलेली असते व यश मिळाल्यास लाभही त्याच्याच पदरात पडतो. तीच जोखीम वेतनाच्या रचनेतून किंवा नेमणुकीच्या अटींतून प्रतिनिधीच्या खांद्यावर सरकविली जात असेल, तर ती नोकरी नसून बिनभांडवली भागीदारी ठरते, आणि त्या भागीदारीत नफ्याचा वाटा मात्र नसतो.

औषधाचा प्रवास

प्रतिनिधी औषध विकतो असे म्हटले जात असले, तरी प्रत्यक्षात तो स्वतः काहीच विकत नाही. तो डॉक्टरांना औषधाची माहिती देतो. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, रुग्ण दुकानातून औषध घेतो, दुकानदार स्टॉकिस्टकडून आणि स्टॉकिस्ट कंपनीकडून माल मागवितो. कंपनीने स्टॉकिस्टला दिलेल्या मालास प्राथमिक विक्री व स्टॉकिस्टने दुकानदारांना दिलेल्या मालास दुय्यम विक्री म्हणतात. या दोहोंतील फरक उमेदवाराने प्रथम समजावून घ्यावा. महिनाअखेरीस स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारून प्राथमिक विक्री फुगविता येते. परंतु तो न खपता मुदत संपून परत आला, म्हणजे त्याची वजावट पुढील महिन्यांच्या हिशेबात प्रतिनिधीच्या माथी येते.

अनेक नव्या कंपन्यांचा स्वतःचा कारखाना नसतो. दुसऱ्या उत्पादकाकडून औषध तयार करवून घेऊन त्या आपल्या नावाने ते बाजारात आणतात. यात गैर काही नाही. तथापि १ मार्च २०२१ पासून औषध नियमांतील दुरुस्तीनुसार, अशा रीतीने औषध बाजारात आणणारी कंपनी उत्पादकाबरोबरच त्याच्या गुणवत्तेस जबाबदार धरली जाते. तसेच उत्तम उत्पादन पद्धतींविषयीच्या सुधारित ‘अनुसूची एम’चे पालन करण्यासाठी लघु व मध्यम उत्पादकांना दिलेली वाढीव मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होती. म्हणून कंपनीचे औषध कोण तयार करतो आणि तो उत्पादक या निकषांस उतरला आहे काय, हे विचारणे उमेदवाराच्या हिताचे आहे. उत्पादन बंद पडले की पुरवठा थांबतो आणि विक्रीचे उद्दिष्ट मात्र कागदावर तसेच राहते.

वेतनाचा आकडा आणि हाती येणारी रक्कम

समजा, एका नव्या कंपनीने दरमहा ३५,००० रुपयांचा प्रस्ताव दिला. त्याची फोड केली असता निश्चित वेतन १७,००० रुपये, उद्दिष्ट पूर्ण झाल्यास मिळणारा इन्सेन्टिव्ह १०,००० रुपये आणि फिरतीचा खर्च ८,००० रुपये असे आढळले. यांपैकी फिरतीचा खर्च ही कमाई नव्हे; ते पैसे पेट्रोल, चहापाणी व मुक्काम यांतच जावयाचे. इन्सेन्टिव्ह अनिश्चित आहे. अर्थात घर चालविण्यासाठी भरवशाचे उत्पन्न १७,००० रुपयेच. याउलट दुसऱ्या कंपनीने २४,००० रुपये निश्चित वेतन देऊन प्रवासखर्च निराळा देऊ केला असेल, तर तो प्रस्ताव दिसावयास ११,००० रुपयांनी उणा असला तरी निश्चित उत्पन्नात ७,००० रुपयांनी सरस आहे.

फिरतीच्या खर्चाची बिले किती दिवसांत चुकती होतात, हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. वरील उदाहरणात दोन महिन्यांची बिले अडकून पडली, तर प्रतिनिधीने कंपनीला १६,००० रुपये बिनव्याजी उसने दिल्यासारखे होते. म्हणून मुख्यालय, मुख्यालयाबाहेरील पण त्याच दिवशी परतीची गावे आणि मुक्कामाची गावे यांसाठी निरनिराळा दैनिक भत्ता किती, दर किलोमीटरला काय दर, आणि पैसे मिळण्याची तारीख कोणती, हे लेखी घ्यावे. इन्सेन्टिव्हच्या भरवशावर मोटारसायकलचे किंवा घराचे हप्ते बांधून घेऊ नयेत.

उद्दिष्टाचे गणित

विक्रीचे उद्दिष्ट साध्य होण्याजोगे आहे किंवा नाही, हे साध्या गणिताने ताडून पाहता येते. एखाद्या नवख्या प्रतिनिधीस दरमहा ३ लाख रुपयांच्या दुय्यम विक्रीचे उद्दिष्ट दिले आहे आणि गोळ्यांच्या एका स्ट्रिपचा सरासरी दर ६० रुपये आहे, असे धरू. याचा अर्थ महिन्याला ५,००० स्ट्रिप खपल्या पाहिजेत. एका डॉक्टरने रोज दोन रुग्णांना प्रत्येकी एक स्ट्रिप लिहून दिली, तर २५ दिवसांत ५० स्ट्रिप होतात. म्हणजे इतक्या नियमाने चिठ्ठी लिहिणारे १०० डॉक्टर हवेत. प्रतिनिधीच्या यादीत एकूण १२० डॉक्टर असतील आणि कंपनीचे नाव त्यांनी पूर्वी ऐकलेले नसेल, तर पहिल्याच तिमाहीत असे घडणे जवळजवळ अशक्य होय. अशा प्रस्तावातील इन्सेन्टिव्ह शून्य धरूनच निर्णय करावा.

उद्दिष्ट छापील किमतीवर मोजले जाते की स्टॉकिस्टला पडणाऱ्या दरावर, परत आलेला माल कसा वजा होतो, आणि माल वेळेवर न पुरविल्यास त्या काळापुरते उद्दिष्ट कमी होते काय, हे तीन उपप्रश्नही विचारलेच पाहिजेत. त्या भागात पूर्वी कोणी प्रतिनिधी होता काय व तो का गेला, याची चौकशी केल्यास बराच उलगडा होतो. ही माहिती स्थानिक औषध दुकानदारांकडे आणि इतर कंपन्यांच्या प्रतिनिधींकडे हमखास मिळते.

कंपनीची पारख

कंपनीची नोंदणी, संचालक व वार्षिक ताळेबंद यांची कागदपत्रे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अल्प शुल्क भरून पाहता येतात. केंद्र शासनाकडून मिळालेली स्टार्टअप ही मान्यता म्हणजे औषधाच्या गुणवत्तेचा किंवा कंपनीच्या आर्थिक बळाचा दाखला नव्हे, हे ध्यानात ठेवावे. मुलाखतीत उमेदवाराने नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे, की नवीन भांडवल आले नाही तरी पगार व पुरवठा किती महिने चालू राहील. प्रामाणिक संस्थापक या प्रश्नाने दुखावला जात नाही.

वेतनाची उणीव भरून काढण्यासाठी कधी कधी कंपनीचे शेअर देऊ केले जातात. अशा योजनेत देकार व प्रत्यक्ष हक्क यांत किमान एक वर्षाचे अंतर असावे लागते. शिवाय शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे शेअर गरजेच्या वेळी विकता येतीलच असे नाही. भागीदारी संस्थेत तर शेअरच नसतात. सबब, असे शेअर हा वरकड लाभ समजावा. किराण्याचे बिल त्यावर भागत नाही.

एका धोक्याचा विशेष उल्लेख केला पाहिजे. ज्या जिल्ह्यात कंपनीचा स्टॉकिस्ट नाही, तेथे प्रतिनिधीने माल घरी ठेवून थेट दवाखान्यांना पोहोचवावा, असे सुचविले जाते. परवान्यावाचून विक्रीसाठी औषधांचा साठा करणे हा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये कारावासाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. स्टॉकिस्टकडे घाऊक विक्रीचा परवाना आहे किंवा नाही, याची खात्री अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करून घ्यावी.

नेमणूकपत्र व कायद्याचे संरक्षण

वैद्यकीय प्रतिनिधींच्या सेवाशर्तींसाठी १९७६ साली विक्री संवर्धन कर्मचारी अधिनियम संमत झाला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अंमलात आल्या आणि त्या अधिनियमाची जागा त्यांनी घेतली. विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा समावेश संहितांनी ‘कामगार’ या संज्ञेत केला आहे. कामाच्या दर अकरा दिवसांमागे एक दिवस या प्रमाणात पूर्ण वेतनी अर्जित रजा देण्याचे तत्त्वही पुढे चालू आहे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाले पाहिजे, आणि नोकरी सुटल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत देय वेतन चुकते झाले पाहिजे, अशी तरतूद वेतन संहितेत आहे.

स्टार्टअपच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नजरेआड होते. अनेक हक्क कंपनीतील कर्मचाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असतात. नेमणूकपत्राची सक्ती करणारी व्यावसायिक सुरक्षा संहिता, तसेच राज्य विमा, उपदान व प्रसूतिलाभ यांसाठी सर्वसाधारणपणे दहाची, तर भविष्य निर्वाह निधी व बोनस यांसाठी वीसची मर्यादा आहे. पाच-सहा जणांच्या कंपनीत यांपैकी बऱ्याच गोष्टी कायद्याने आपोआप मिळत नाहीत. म्हणून तेथे लेखी कराराचे महत्त्व अधिक. अपघात व आरोग्य विम्याची अट त्यात आवर्जून घालून घ्यावी, कारण या व्यवसायातील बहुतेक दिवस रस्त्यावर जातो.

पदाच्या नावानेही भुलू नये. हाताखाली एकही माणूस नसताना ‘एरिया मॅनेजर’ ही पदवी दिली जाते. कायदा पदाचे नाव न पाहता प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहतो; तथापि तंटा उद्भवल्यास ते सिद्ध करण्याचा खटाटोप कर्मचाऱ्यालाच करावा लागतो. मुख्यालयाचे गाव, बदलीची अट, प्रोबेशनची मुदत आणि दोन्ही बाजूंना सारखी असणारी नोटिशीची मुदत नेमणूकपत्रात नमूद असावी.

ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड मागितला जात असल्यास तो निरर्थक समजून सही करू नये. नोकरी सुटल्यानंतर दुसरीकडे काम करण्यास मनाई करणारी अट भारतीय करार अधिनियमाच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. परंतु मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका सार्वजनिक क्षेत्रातील बँकेच्या प्रकरणात वैध ठरविली आहे. मूळ प्रमाणपत्रे कंपनीच्या स्वाधीन करू नयेत. नोकरीसाठी अनामत किंवा प्रशिक्षण शुल्क मागितले गेल्यास तेथेच बोलणे थांबवावे.

डॉक्टरांच्या दालनात

प्रतिनिधीला डॉक्टरांपुढे नेमके काय करावयास सांगितले जाणार, ही शेवटची आणि सर्वांत मोठी कसोटी होय. केंद्र शासनाच्या औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ रोजी औषधांच्या विपणनासंबंधी एकसमान संहिता प्रसिद्ध केली. तीनुसार डॉक्टरांना व त्यांच्या कुटुंबीयांना भेटवस्तू, रोख रक्कम वा सहलींचा खर्च देण्यास, तसेच भेट मिळविण्यासाठी आमिष दाखविण्यास मनाई आहे. मोफत नमुने एका औषधाची वर्षाला बारा पाकिटे याहून अधिक एका डॉक्टरास देता येत नाहीत. कोणतेही औषध निर्विवादपणे ‘सुरक्षित’ आहे, असे सांगता येत नाही. प्रतिनिधीच्या वर्तनाची जबाबदारी कंपनीवर ठेवण्यात आली आहे. डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपनीला आयकरात वजा मिळणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच दिला होता.

ज्या कंपनीकडे सांगण्यासारखे औषध नाही, तिला देण्यासारख्या वस्तूंचा आधार घ्यावा लागतो. हे देणेघेणे प्रतिनिधीच्या हातून, पुष्कळदा प्रथम त्याच्या खिशातून होते आणि पुरावाही त्याच्याच मोबाइलवर राहतो. मुलाखतीत ‘डॉक्टरांना सांभाळावे लागेल’ असे सूचक शब्द कानी पडले, तर त्यांचा अर्थ तेथेच विचारून घ्यावा. या व्यवहाराचा भार शेवटी औषधाच्या किमतीतून गावातील रुग्णच सोसतो, हेही सल्लागारांनी तरुणांच्या नजरेस आणून द्यावे.

मार्गदर्शकांचे कार्य

यावरून प्रत्येक नव्या कंपनीचा प्रस्ताव नाकारावा, असे मात्र नव्हे. लहान कंपनीत थोडक्या औषधांचा सखोल अभ्यास होतो. संस्थापकांशी थेट संबंध येतो, बाजारपेठ उभी करण्याचा अनुभव मिळतो आणि कंपनी वाढल्यास बढतीही लवकर होते. निश्चित वेतनावर घर चालत असेल, औषध दर्जेदार असेल, अटी लेखी असतील आणि वर्षभरात नोकरी सुटली तरी कुटुंबावर कर्ज होणार नसेल, तर तरुणाने ही संधी जरूर घ्यावी.

महाविद्यालयांतील शिक्षकांना वरील उदाहरणांप्रमाणे वेतनाची फोड व उद्दिष्टाचे गणित विद्यार्थ्यांकडून वर्गातच करवून घेता येईल. पंचायत सदस्यांना गावातील अनुभवी प्रतिनिधींची व उमेदवारांची गाठ घालून देता येईल. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातील अधिकाऱ्यांना मेळाव्यात येणाऱ्या कंपन्यांकडून नेमणूकपत्राचा मसुदा आगाऊ मागविता येईल. उमेदवाराने मागितलेला दोन दिवसांचा अवधी आणि लेखी कागद जी कंपनी देऊ शकत नाही, ती वेळेवर पगार देईल असे मानण्यास आधार उरत नाही. एवढी एक गोष्ट जरी मार्गदर्शकांनी तरुणांच्या मनावर ठसविली, तरी अनेक घरांची पुढील फसगत टळेल.